सोबत पाव खाणारा

बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. भागुजी. अवसरी बुद्रुकच्या स्टँडवर उतरा आणि 'भागुजी पाववाला' एवढंच म्हणा, शेंबडं पोरगंसुद्धा तुम्हाला आमच्या भट्टीपर्यंत आणून सोडेल. मी यशोधरा, त्यांची बायको. माहेर पिंपरी पेंढारचं. आमच्या माणसांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यानंतर आमच्या घरात जन्मलेली पहिली मुलगी मी, म्हणून हे नाव. दहावीपर्यंत शाळा झाली, त्यामुळे चार माणसांत बरं बोलता येतं. पण डोकं फिरलं की माझी भाषाही फिरते, आणि हे सगळं सांगताना ते फिरणारच आहे.

भागुजींना एक वेड होतं. दारूचं नव्हे, पत्त्यांचं नव्हे, शब्दाचं. तेही एकाच शब्दाचं, पाव. भट्टीवर आलेल्या माणसाच्या हातात लादी पडायच्या आधी कानात लॅटिन पडायचं. बिचारा सकाळच्या चहासाठी पाव न्यायला आलेला, घरी चहा उकळून आटत चाललेला, आणि इकडे आमचे मालक त्याला पोर्तुगालला घेऊन निघालेले. मी आतून ओरडायचे, "अहो, जाऊ द्या त्याला, त्याची बायको वाट बघतेय!" ते ऐकतील तर शपथ.

हे खूळ आलं गोव्यातून. बहात्तरच्या दुष्काळात अवसरीत हाताला काम राहिलं नाही, तेव्हा भागुजी कुणाच्या तरी ट्रकवर बसून म्हापशाला गेले आणि मिंगेल नावाच्या म्हाताऱ्या पदेराकडे राहिले. पदेर म्हणजे पाव भाजणारा, गोव्यात असंच म्हणतात. लग्नानंतर मीही काही वर्षं तिथं काढली, त्यामुळे मिंगेलला मी डोळ्यांनी पाहिलंय. तरुणपणी तो बोटीवर भटारखान्यात होता. बंदराबंदरात उतरून तिथला पाव खायचा आणि त्याला काय म्हणतात ते विचारायचा, हा त्याचा शौक. "आयक रे भुरग्या," म्हणजे ऐक रे पोरा, म्हणून तो सुरू व्हायचा, आणि आमचे मालक पीठ मळता मळता तोंड उघडं टाकून ऐकत बसायचे.

मिंगेलचं म्हणणं असं. लिस्बनला पावाला म्हणतात पांव, शेवट नाकात. शेजारी स्पेनमध्ये गेलं की पान. इटलीत पाने. फ्रान्सात सगळंच नाकात बोलतात म्हणून पँ. काळ्या समुद्राच्या काठी रोमानिया आहे, तिथं पुईने. ह्या सगळ्या चुलतबहिणी, आणि त्यांची आजी लॅटिन, ती म्हणायची पानिस. पोर्तुगीज गोव्यात, वसईत आले तसा त्यांचा पांवही आला, आणि आपण त्याचं नाक साफ करून पाव केला. इतकंच असतं तर मी एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून दिलं असतं. पण मिंगेल पुढं जायचा. म्हणायचा, लॅटिनमध्ये 'कुम' म्हणजे सोबत. कुम आणि पानिस जोडले, की झाला सोबत पाव खाणारा. आणि सोबत पाव खाणारा म्हणजे कोण? तर मैतर, जोडीदार. पोर्तुगीज म्हणतात कोम्पान्येइरु, स्पेनवाले कोम्पान्येरो, इटलीवाले कोम्पान्यो. त्या मुलखात मैतराला दुसरा अर्थच नाही, ज्याच्यासोबत भाकर मोडली तो मैतर.

हे ऐकून भागुजींच्या काळजात काय झालं ते मला माहीत आहे, कारण माझी सासू जानकाबाई मला सगळं सांगायची. दीक्षा घ्यायच्या आधी तिची सासू संध्याकाळी मराठ्यांच्या आळीत भाकर मागायला जायची. भाकर हातावर ठेवत नसत, वरून टाकत. पदरात पडली तर पडली, नाहीतर मातीत. दीक्षा घेतल्यावर आमच्या माणसांनी ते मागणं बंद केलं, पोटाला चिमटा घेतला पण बंद केलं. भागुजी त्या घरातले. त्यांच्या डोक्यात भाकर म्हणजे टाकलेली किंवा नाकारलेली. आणि इथं एक म्हातारा ख्रिश्चन सांगतोय, की जगाच्या अर्ध्या बाजूला मैत्रीचं नावच सोबत खाण्यावरून पडलंय. मग काय, माणूस वेडा होणारच.

वेडा झाला तेही एक वेळ ठीक. पण हे वेड त्यांनी लावलं कुणाला? तर सावळारामला!

सावळाराम हा त्यांचा शाळेतला सोबती. घर बागायतदार, वाडवडिलांपासून पाण्याखालची जमीन, दारात बैलजोड्या. दोघं दहाएक वर्षांचे असताना भागुजी त्यांच्याच रानात राखणीला होते. थंडीच्या दिवसांत शेणाच्या गोवऱ्यांच्या आगटीत ज्वारीची कणसं भाजायची, तळहातावर चोळायची आणि गरम हुरडा फुंकर मारून खायचा. सावळारामचे हात नाजूक, त्याला कणीस चोळता यायचं नाही, म्हणून भागुजी चोळायचे आणि तो त्यांच्या तळहातावरून उचलून खायचा. एक दिवस त्याची आई कुशाबाई तिथं आली. पोराचा कान धरून फरफटत घरी नेलं, विहिरीवर गार पाण्यानं अंघोळ घातली आणि गोमूत्र पाजलं. लेकराला दोन दिवस ताप होता. भागुजी मात्र ह्यातलं फक्त पहिलं लक्षात ठेवून बसले. "खाल्ला व्हता त्यानं माज्या हातचा," असं मला पन्नास वेळा सांगितलं असेल. मी म्हणायचे, "आणि गोमूत्र प्यायला व्हता, ते इसरलात काय?"

एक्याण्णव साली आम्ही परत आलो आणि अवसरीत भट्टी घातली. सुरुवातीला पाव कुणी घेईना. कुशाबाई तोवर म्हातारी झाली होती, पण तोंड तेवढंच जहाल. ती गावभर सांगत सुटली, "पीठ पायानं तुडवत्यात, म्हणून तर पाव म्हंत्यात. आन् पाय कुणाचं, तर ह्यांचं!" दुसरी एकजण म्हणाली, फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवली होती, आता ह्यो गावात भट्टीच घेऊन आलाय. मला हसावं की रडावं कळेना. विहिरीत पाव पडला की गाव बाटतं, विहिरीवर आम्ही गेलो तरी गाव बाटतं. म्हणजे पावाची आणि आमची जातकुळी एकच निघाली की! आणि पायांचं म्हणाल तर यांच्या खळ्यांवर बैलांमागं आमच्याच माणसांचे पाय फिरले, तेव्हा धान्याला विटाळ झाला नाही. धान्य कणगीत गेलं आणि कुशाबाईनं त्याच्या भाकरी थापल्या.

मग सावळारामनं मंचरच्या पुढं पुणे-नाशिक रस्त्यावर मिसळीचं हॉटेल काढलं. त्याला रोज ताजा पाव लागणार, आणि आसपास तसा पाव फक्त आमचा. तो सकाळी मोटारसायकलवर आला, लादीतला एक पाव दाबून बघितला, नाकाला लावला आणि म्हणाला, "भाग्या, लई मऊ रं. रोज पाठव." झालं. पाव एकदा हायवेवर गेला की तो कुणी भाजला हे कुणी विचारत नाही. जी माणसं अवसरीत आमच्या भट्टीवरून नाक मुरडत जायची, तीच मंचरला जाऊन सावळारामच्या टेबलावर आमचाच पाव रश्श्यात बुडवून बोटं चाटायची. सावळाराम गल्ल्यावर बसून खायचा, तोही आमचाच. दुकानातून आलेला पाव चालतो, आगीतून निघाला की शुद्ध होतो म्हणे. असं कोणत्या पोथीत लिहिलंय ते विचारायला पाहिजे होतं.

तर हा सावळाराम चारचौघांत भागुजींच्या खांद्यावर हात टाकायचा. "ह्यो माजा जीवाचा मैतर." तो यांना भाग्या म्हणायचा, आणि हे त्याला सावळारामशेठ. हे काय मैतर असतात? पण आमच्या मालकांना ते ऐकू येत नसे. त्यांना फक्त 'मैतर' ऐकू यायचं.

आणि आमच्या घरी? घरी तो यायचा, नाही असं नाही. दिवाळीला यायचा, पोरांना फटाके आणायचा, ओट्यावर खुर्ची टाकून तासभर गप्पा मारायचा. पण आमच्या उंबऱ्याला पाय लागला की त्याचा उपवास सुरू. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मधे संकष्टी, मधे एकादशी, श्रावण तर अख्खाच्या अख्खा. मी चहा घेऊन आले की हात जोडायचा, "न्हाई वहिनी, आज उपास हाय." चहा उपवासाला चालतो, हे आमच्या गावात परकरातल्या पोरीलाही माहीत आहे. पण सावळारामचा उपवास आमच्यापेक्षा कडक.

एकदा माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, थांब, बघतेच. त्या सोमवारी रताळी उकडून ठेवली, शेंगदाण्याचे लाडू केले. तो आला, बसला, आणि मी ताट समोर ठेवलं. "घ्या भावजी. सगळं उपासाचं हाय." त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. दोन क्षण लाडवाकडे बघितलं, मग म्हणाला, "ह्या टायमाला निर्जळी धरलाय, वहिनी." निर्जळी! अर्धा तास आधी स्टँडवर उसाचा रस पिताना त्याला माझ्या भावानं बघितला होता. मी पण हट्टाला पेटले. आतून एक केळं आणलं, सालीसकट. म्हटलं, "हे तरी घ्या, ह्याला तर माजा हातबी लागला न्हाई आतून." त्यानं केळं घेतलं, हसला आणि खिशात टाकलं. "पोराला नेतो, स्वराजला." मी दारात उभी राहून बघत राहिले. कोपऱ्यावर शेजारच्या हौशीरामची म्हैस बांधलेली होती. स्वराजचं केळं म्हशीनं खाल्लं.

मी आत येऊन भागुजींना सांगितलं. ते पाट्या धूत होते. म्हणाले, "म्हातारी जित्ती हाय तवर त्याला भ्या वाटतंय. आईच्या जिवासाठी करतोय बिचारा." बिचारा! म्हशीला केळं चारणारा बिचारा! त्या दिवशी मी रागानं जेवले नाही.

कुशाबाई अठ्ठ्याण्णवला गेली. भागुजी मातीला गेले, खांदा द्यायला कुणी बोलावलं नाही, म्हणून मागून चालत गेले. मला वाटलं, आता तरी सावळारामचे उपवास सुटतील. सुटले कसले, त्यात आईच्या श्राद्धाच्या तिथीची भर पडली.

त्याच सुमाराला आमची स्नेहा पुण्याला अकरावीला गेली. तिथं फ्रेंच घेतलं की मार्क पडतात म्हणून पोरीनं फ्रेंच घेतलं. सुट्टीत घरी आली आणि बापाला म्हणाली, "बाबा, तुमचा मिंगेल खरं सांगत होता. फ्रेंचमध्ये मित्राला कोपँ म्हणतात. सरांनी सांगितलं, त्यातही तोच पाव आहे. आणि इंग्रजीतलं कंपनी आहे ना, तेही त्यातूनच आलंय, सोबत पाव खाणाऱ्यांची टोळी." हे ऐकून भागुजी लहान पोरासारखे नाचायचेच बाकी राहिले. मी म्हटलं, म्हणजे चाकण-रांजणगावला जे कंपनीत जातात, ते सगळे सायबासोबत पाव खातात काय? सायबाचं कॅन्टीन वेगळं, ह्यांचं वेगळं. शब्द गेले कुठल्या कुठं आणि माणसं राहिली तिथंच. पण माझं कोण ऐकतं? हे सायकल काढून थेट हायवेच्या हॉटेलात, सावळारामला नवा शब्द सांगायला. सावळाराम गल्ल्यावरून उठून म्हणाला, "वा रं भाग्या! म्हंजे आपुन दोगं कोपँ!" आणि सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असा हसला. यांना चहा सांगितला, स्वतः गल्ल्यावर जाऊन बसला. भागुजींनी टेबलावर एकट्यानं चहा प्याला आणि घरी येऊन मला म्हणाले, "त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हटलं, यशोधरा." जसं काही ताम्रपटच मिळाला.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात स्नेहाचं लग्न ठरलं. मुलगा जुन्नरचा, राजरत्न, पोस्टात. भागुजींनी हुंडा दिला नाही, मानपान ठेवला नाही, आहेर घेणार नाही म्हणून सांगितलं. त्यांची एकच हौस होती. सावळारामनं आपल्या शेजारी पंगतीला बसून जेवायचं. बस. तेवढं झालं की ते भरून पावणार होते.

मी म्हटलं, "तुम्हाला कुणी शिकवलं हे? पोरीचं लग्न आहे की सावळारामची परीक्षा?"

तर मला म्हणाले, "त्याची न्हाई. माजी. इतकी वरसं मी जगाला सांगतोय त्यो माजा मैतर हाय म्हून. खरं हाय का खोटं हाय, मला कळाया नको व्हय?"

पहिल्यांदा मला त्या माणसाची दया आली.

ते हॉटेलात जाऊन सावळारामला तोंडावर म्हणाले, माझ्या पोरीच्या लग्नात माझ्या मांडीला मांडी लावून जेवायचं. सावळारामनं गळ्याला चिमटा लावून शपथ घेतली, "जेवनार म्हंजे जेवनार, भाग्या." मग आमच्या घरात सुरू झालं तारीख शोधणं. आम्ही बौद्ध. मुहूर्त मानत नाही, पंचांग घरात नाही. लग्न बुद्धवंदना म्हणून लागतं, त्याला कुठला वार लागतो? पण सावळारामचा उपवास नसलेला दिवस हवा, म्हणून माझा नवरा वाण्याकडून भिंतीवरची दिनदर्शिका मागून आणून तीवर बोट फिरवत बसला. सोमवार नको, गुरुवार नको, ही संकष्टी, ही एकादशी. रविवार म्हटला तर खंडोबाचा काढेल. शेवटी एक बुधवार मिळाला. सावळाराम बुधवारी मटण खातो हे सगळ्या मंचरला माहीत होतं. जुन्नरच्या व्याह्यांनी विचारलं, "बुधवार का हो? नोकरीवाल्या माणसांना रविवार बरा." भागुजी म्हणाले, "आमच्यात एक अडचण हाय." काय अडचण ते मी व्याहिणीला सांगू शकले नाही, लाजेनं माझी मान वर होईना.

लग्नाच्या जेवणात बुंदी, पुरी, वांग्याची भाजी, भात-आमटी. आणि पाव! मी हात टेकले. "अहो, लग्नाच्या पंगतीत पाव कोण वाढतं?" भागुजी म्हणाले, "मी वाढतो." आदल्या दिवशी स्वतः भट्टीसमोर उभे राहून भाजले, कुणाला हात लावू दिला नाही.

लग्न लागलं. सावळाराम जीपमधून आला, कडक इस्त्री, डोळ्याला काळा चष्मा, मागं चार पाच पोरं. पंचायत समितीचं तिकीट मिळवायच्या खटपटीत होता, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. विहारासमोरच्या मांडवात त्यानं माईक हातात घेतला. म्हणाला, "जात-पात मी मानत न्हाई. भागुजी माजा लंगोटीयार." आणि मग काय करावं? भागुजींनी त्याला बारा वर्षं ऐकवलेलं सगळं आपलंच असल्यासारखं सांगायला लागला. लिस्बन काय, लॅटिन काय, कोम्पान्येइरु काय! "मैतर म्हंजे सोबत पाव खानारा!" टाळ्या पडल्या. आमची माणसंही टाळ्या वाजवत होती. भागुजी मांडवाच्या खांबाला धरून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी म्हटलं मनात, बाई, कदाचित तूच चुकलीस. माणूस बदलतो.

पंगत बसली. भागुजींनी स्वतः सतरंजी झटकून सावळारामला शेजारी बसवलं. तो बसला. खरंच बसला हो, मांडी घालून. आजूबाजूच्या पंगती जेवायच्या थांबल्या. मी आमटीची बादली घेऊन समोर उभी होते. भागुजींनी एक पाव घेतला, मधून मोडला, अर्धा स्वतःच्या हातात ठेवला आणि अर्धा सावळारामच्या हातात दिला. फोटोग्राफर पुढं आला. सावळारामनं पाव तोंडाजवळ नेला, मान फोटोग्राफरकडे वळवली आणि तोंड उघडलं. फ्लॅश पडला. एकदा, दोनदा.

तिसऱ्यांदा फ्लॅश पडला आणि सावळारामनं खिशातून मोबाईल काढून कानाला लावला. "हां, बोला सायेब. आत्ता? बरं, बरं, निघालोच." पाव पत्रावळीवर ठेवला, रुमालानं बोटं पुसली, एकेक करून, आणि उठला. "भाग्या, तालुक्याला जावं लागतंय. माफ कर बाबा. जेवान माज्याकडं लागू राह्यलं." जीप धुरळा उडवत गेली.

मोबाईल वाजला नव्हता. मी हाताच्या अंतरावर उभी होते, माझे कान शाबूत आहेत. तो वाजला नाही, थरथरला नाही, त्याच्या काचेवर उजेडसुद्धा आला नाही.

भागुजी तसेच बसून राहिले. अर्धा पाव हातात. मी खाली वाकून म्हटलं, "खा आता. लोक बघत्यात." त्यांनी मान हलवली. पंगत उठली, दुसरी बसली, तरी ते त्याच जागेवर, शेजारची पत्रावळ तशीच वाढलेली. शेवटी नवरी मुलगी उठून आली, शालू सावरत बापाच्या शेजारी त्या भरल्या पत्रावळीसमोर बसली आणि तिनं तो ठेवलेला अर्धा पाव उचलून खाल्ला. तेव्हा कुठं बापाचा घास तोंडात गेला. त्या दिवशी सावळाराम माझ्या हाती लागला असता तर आमटीची बादली मी त्याच्या कडक इस्त्रीवर ओतली असती. अजूनही ओतीन.

मला वाटलं, भागुजी आजारी पडतील. पडले नाहीत. दुसऱ्या दिवशी भट्टी पेटवली, पाव भाजले, सावळारामच्या हॉटेलचे नेहमीप्रमाणे पाठवले. फक्त बोलणं बंद. भट्टीवर माणूस येई, लादी घेई, जाई. लॅटिन नाही, लिस्बन नाही. हौशीराम मला हळूच म्हणाला, "वहिनी, भाऊंना बरं न्हाई का? आज पाव लवकर मिळाला."

आठवड्याभरानं सावळाराम भट्टीवर आला. सकाळची वेळ, दहा-बारा माणसं पाव घ्यायला उभी. त्याच्या काखेत एक मोठी फ्रेम, चंदेरी काठाची. त्यानं ती फळीवर उभी केली. फोटोत तो आणि भागुजी मांडीला मांडी लावून बसलेले, त्याच्या हातात अर्धा पाव, तोंड उघडलेलं. बघणाऱ्याला वाटावं, आता दुसऱ्या क्षणाला हा खाणार. खाली रंगीत अक्षरांत त्याचं नाव आणि 'समतेचा पाईक'.

"एक हाटेलात लावली," सावळाराम म्हणाला. "ही तुज्यासाठी. हितं लाव, समद्यांना दिसंल अशी." मग त्यानं मागं वळून उभ्या माणसांकडे बघितलं. "भाग्या, सांग की ह्यान्ला, तुज्या त्या भाषेत मैतराला काय म्हंत्यात ते. ते अगदी झ्याक सांगतोस तू."

मी आतून दारात आले. माणसं हसत होती, त्यांना वाटलं आता सुरू होणार. भागुजींनी हातातला पीठ लागलेला फडका बाजूला ठेवला. फोटोकडे बघितलं. मग फ्रेम उचलली आणि सावळारामच्या हातात परत दिली, दोन्ही हातांनी, अदबीनं.

"त्या भाषेत लई शब्द हायेत, शेठ," ते म्हणाले. "तुमाला लागू व्हईल असा मला तिथं एकबी घावला न्हाई. आपल्यात हाय. गिऱ्हाईक. बोला, उद्याला किती लाद्या पायजेत?"